इसहाकाचे हात

यूना गार्वीने कुंचल्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार केलं, बशीतल्या निळ्यात बुडवलं आणि आंधळ्या इसहाकाच्या करंगळीला अगदी खेटून पहिला थेंब ठेवला. कोरड्या कागदावर थेंब जागच्या जागी थांबला. तिने तो हलकेच खाली मनगटापर्यंत ओढला, तशी हाताची फिकी कड निळ्यातून अशी उजळून निघाली की तिचं तिलाच क्षणभर बरं वाटलं. मग आपण काय करतो आहोत ते आठवलं आणि त्याहूनही बरं वाटलं.

कागद वीतभर रुंद, त्याहून थोडा उंच. डिव्हेन यांच्या कारखान्यात रंगीत काचेची कुठलीही खिडकी आधी अशीच जन्माला यायची, जलरंगातलं एक छोटं चित्र म्हणून. फादर लोकांना आणि देणगीदारांना ते दाखवायचं. पसंत पडलं, खाली सही झाली, की तो कायदा. मग तेच चित्र खिडकीएवढ्या कागदावर मोठं व्हायचं, त्यावरून काचा कापल्या जायच्या, रंगवून भट्टीत भाजल्या जायच्या आणि शिशाच्या पट्ट्यांत बसायच्या. सहीनंतर काचेचा एक तुकडाही मालकाच्या शब्दाशिवाय बदलायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

ही खिडकी किलब्रॅक गावच्या चर्चसाठी होती. म्हाताऱ्या, आंधळ्या इसहाकाला थोरल्या मुलाला, एसावाला, आशीर्वाद द्यायचा आहे. धाकटा याकोब हातांवर बकऱ्याचं कातडं गुंडाळून, थोरल्याचं सोंग घेऊन पुढे आला आहे. आणि बाप ते केसाळ हात चाचपून पाहतो आहे. सगळी गोष्ट बापाच्या त्या दोन हातांत होती. त्यांनी एकदाच चूक केली आणि एकाचं होतं ते दुसऱ्याच्या पदरात टाकलं. प्रसंग देणगी देणाऱ्या बाईंनी निवडला होता, पण तो ऐकताच यूनाला मनातल्या मनात हसू फुटलं होतं. दुसऱ्याचं ढापून वर शाबासकी घेणाऱ्या माणसाबद्दल तिला पुष्कळ ठाऊक होतं.

हात काढावेत तर यूनाने, हे अख्ख्या डब्लिनमधल्या काचकामवाल्यांना माहीत असायला हवं होतं. नव्हतं, ती गोष्ट वेगळी. इसहाकाच्या हातांवर तिने आठवडा घालवला होता आणि आता त्यांच्याभोवती ती निळा पसरत होती. मांडीवरची चादर निळी, मागचा तंबूचा पडदा निळा, याकोबाची बाही निळी. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की कुणाची दृष्ट लागावी.

पण कागद खोटं बोलतो. कागदावर निळा जिथे ठेवाल तिथे मुकाट बसतो. काचेत, मागून ऊन आलं की, तो बसत नाही. लाल आपली जागा सोडत नाही, हिरवाही फारसा हलत नाही, निळा मात्र सांडतो. जवळून कळत नाही. लांब गेलं की दिसतं, निळ्याने शेजारचं सगळं फिकं गिळलेलं असतं. म्हणून निळ्याच्या शेजारी चेहरा किंवा हात ठेवायचा तर भोवती काळ्याचा जाड काठ द्यायचा आणि निळ्या काचेवर काळ्या रेघांची जाळी ओढून तिचा जोर मोडायचा. हे यूनाला थोरल्या डिव्हेनसाहेबांनी शिकवलं होतं, ती पोरसवदा होती तेव्हा. ते काचा मेणाने एका मोठ्या तावदानावर चिकटवून उत्तरेच्या खिडकीत उभ्या करायचे, समोरचं अंगणाचं दार सताड उघडायचे आणि पाठ करून चालत सुटायचे, अंगण ओलांडून, गल्ली ओलांडून, पलीकडच्या बेकरीच्या भिंतीपर्यंत. तिथे पोचले की मगच वळायचे. जवळून बघायला देव समर्थ आहे, माणसं खालून बघतात, असं ते म्हणायचे.

थोरले साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाला, कॉर्मॅकला, अंगणाचं दार उघडलं की सर्दी व्हायची. निळ्याबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की तो त्याच्या टायला शोभतो.

बाकी माणूस वाईट होता असं कुणी म्हणालं नसतं. पगार वेळेवर द्यायचा. नाताळात प्रत्येकाला हॅमचा तुकडा द्यायचा. फादर लोकांबरोबर जेवून तो कामं आणायचा, यूना चित्रं काढायची आणि तो खाली सही करायचा. बाईचं नाव पाहिलं की फादर लोक बिचकतात, कामं जातात, मग पगार कुठून द्यायचा, असं त्याने तिला एकदाच समजावलं होतं. तेव्हा घरात आई अंथरुणाला टेकायला आली होती. यूना मूग गिळून बसली.

मग प्रदर्शन आलं. इंग्रजांच्या जागी आलेल्या नव्या सरकारने इंग्लंडच्या राजाच्या लाल टपालपेट्यांवर हिरवा रंग फासला, त्याच सुमाराचं ते प्रदर्शन. डिव्हेन यांच्या 'याईराची मुलगी' या खिडकीला सुवर्णपदक मिळालं. मेलेल्या पोरीचा हात येशूच्या हातात, आणि त्या हातात नुकता कुठे जीव परततोय. यूनाने आईला सांगितलं होतं की ते माझं आहे. तेव्हा आईने रविवारचा कोट चढवला, शेजारणीचा चष्मा मागून आणला, ट्रामने तिच्याबरोबर गेली आणि खिडकीआधी खालची पाटी वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचली. कॉर्मॅक डिव्हेन. मग चष्मा काढून घडी घालून खिशात ठेवला. परतीच्या ट्रामने नदी ओलांडली. तेव्हा आई लेकीकडे न बघता म्हणाली,

"कुंचले तरी नीट धुतेस ना गं?"

त्याच हिवाळ्यात आई गेली. लेक खोटारडी आहे एवढं मनात घेऊन गेली. यूनाने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. आता ते ती निळ्यात लिहीत होती.

दुपारी कॉर्मॅक जेवून आला, पाठीमागे उभा राहिला, मान तिरकी करून त्याने चित्र पाहिलं.

"यूना, हे म्हणजे तू कळसच केलास. हा निळा बघून फादर हेगर्टी गुडघ्यावर येतील."

"हातांभोवती निळा जास्त नाही ना झाला, मिस्टर डिव्हेन?"

तिने हे विचारलं. पुढे कधी कुणी विचारलं तर, मी विचारलं होतं, असं तिला म्हणता यायला हवं होतं. शिवाय खड्डा खणून वर पाटी लावण्यातही एक मजा असते.

"जास्त? अगं, तोच तर जीव आहे त्यात. एक थेंब कमी करू नकोस." त्याने खिशातून पेन काढलं आणि उजव्या कोपऱ्यात, याकोबाच्या पायाशी, काळ्या पक्क्या शाईत झोकदार सही ठोकली. मग फुंकर मारली. चित्रावर त्याने केलेलं काम तेवढंच.

किलब्रॅकचे फादर हेगर्टी गुडघ्यावर आले नाहीत, पण पसंत केलं.

काचा निवडायचं काम बार्नीकडे होतं. बार्नी थोरल्या साहेबांच्या वेळचा, जुन्या जखमांनी बोटं अशी करवतीसारखी झालेली की पियानो वाजवायला बसवला तर पट्ट्या कापून काढेल, असं कारखान्यातली पोरं म्हणायची. त्याने चित्र समोर टाचलं, निळ्या काचेचे तीन तुकडे उजेडात धरले आणि खाली ठेवले. परत धरले. मग तो यूनाच्या टेबलाशी आला. ती तेव्हा खिडकीएवढा कागद जमिनीवर अंथरून, त्यावर गुडघे टेकून, कोळशाने इसहाकाचा अंगठा मोठा करत होती.

"मिस यूना, हा निळा हात खाईल."

"सही झालीय, बार्नी."

"सही दिसतेय मला. मी म्हणतो, काठ जाड करू? तुमच्या या कागदावरच चार रेघा वाढवा, मी मुकाट कापतो. साहेबांना पत्ता लागायचा नाही."

यूनाने कोळसा खाली ठेवला नाही.

"चित्रात आहे तसं."

बार्नी उभाच राहिला. त्याची नजर तिच्यावरून अंगणाच्या बंद दाराकडे गेली. पुढे कधीतरी काचा उभ्या राहतील तेव्हा दार उघडू का, एकदा भिंतीपर्यंत जाऊन पाहू या का, असं त्याने विचारलं. थोरले असते तर विचारलंही नसतं.

"नको," ती म्हणाली. "थंडी असते."

तो जून महिना होता. बार्नीने टोपी जराशी मागे सारली, परत पुढे ओढली आणि आपल्या जागेवर गेला. त्याला कळलं होतं हे तिला कळलं. थोडा वेळ तिला बार्नीचा राग आला, कारण रागावण्यासारखं त्याने काहीच केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात देणगी देणाऱ्या बाई आल्या. मिसेस स्कली, किलब्रॅकच्या. ठेंगणी, गोल, काळ्या पोशाखातली विधवा, घामाघूम, हातात फडक्यात बांधलेला घरचा पाव, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायची त्यांना सवय नव्हती. कॉर्मॅकने त्यांना खुर्ची दिली, चित्र आणून गुडघ्यावर ठेवलं आणि यूनाला चहा आणायला सांगितलं. यूना चहा घेऊन आली तेव्हा बाईंनी एक हातमोजा काढला होता आणि उघडं बोट कागदाच्या वर, न टेकवता, इसहाकाच्या हातांवरून फिरवत होत्या.

"हे मॅटचे हात आहेत," त्या म्हणाल्या.

मॅट म्हणजे त्यांचा नवरा. घोड्यांचं खोगीर आणि लगाम शिवायचा, आणि शेवटची काही वर्षं डोळे गेलेले. तरी टाका चुकला तर अंगठ्याला कळायचं. बाई सांगत होत्या, सकाळी उठला की आधी माझं तोंड चाचपायचा मेला, आणि म्हणायचा, आज रागावलीयस वाटतं. नसले तरी म्हणायचा. मग मला यायचाच राग. बाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आता चेहरा चाचपणारं कुणी नाही, म्हणून हा प्रसंग निवडला. फादरना वाटलं, काय विचित्र बाई, फसवणुकीची गोष्ट कशाला हवी चर्चमध्ये. पण फसवणूक याकोबाची, हातांचा त्यात काय दोष?

यूनाच्या हातात बशी होती. ती तिने टेबलावर ठेवली. काठ वाढवायला काय लागतं, खिडकीएवढा कागद अजून जमिनीवरच आहे, असा विचार तिच्या मनात स्वच्छ आला. बार्नी म्हणाला तशा चार रेघा. तेवढ्यात मिसेस स्कलींनी मान वर करून विचारलं, हे हात काढले कुणी.

कॉर्मॅक किंचित झुकला.

"हात म्हणजे माझा जुना छंद, बाई," तो म्हणाला. "तरुणपणापासूनचा."

मिसेस स्कलींनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याचे पायसुद्धा धरतील अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. यूनाने बशी उचलली, चहा दिला, साखर विचारली. त्या संध्याकाळी तिने मोठ्या कागदावर इसहाकाच्या हाताची बाहेरची रेघ पूर्ण केली. केसासारखी बारीक. इतकी बारीक रेघ तिने आयुष्यात ओढली नव्हती.

खिडकी बसली ती ऑगस्टमध्ये, चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीत, उंचावर. यूनाने दक्षिण हेरूनच निळा घातला होता. खिडकीला आशीर्वाद देण्याचा विधी बाराच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर ठेवला होता, म्हणजे ऊन नेमकं मागे. कॉर्मॅकच्या मोटारीतून ती आणि बार्नी गेले. बार्नी वाटभर खिडकीबाहेर गाई मोजत असल्यासारखा बसला होता. कॉर्मॅक नवीन टाय घालून होता, निळा.

मिस्सा संपला, लोक वळले. यूनाने शेवटच्या बाकावर जागा धरली होती. तिने आधी खिडकी पाहिली नाही, कॉर्मॅकची मान पाहिली. मग खिडकी पाहिली.

झालं होतं तसंच, तिच्या अंदाजाहूनही पुढे. चादर, पडदा आणि बाही एकमेकांत ओसंडून त्यांचा एक जांभळट धुरकट डोह झाला होता. याकोब ठणठणीत दिसत होता. इसहाकाची पांढरी दाढी दिसत होती, कोपरं दिसत होती. कोपरांच्या पुढे काही नव्हतं. म्हातारा दोन थोटी पुढे करून बसला होता, आणि याकोब त्यांच्यापुढे कशाची वाट बघत वाकला होता ते देव जाणे.

पुढच्या कुठल्याशा बाकावरून एका ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्याने, आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीने, शेजाऱ्याला विचारलं,

"आंधळा होता हे माहीत होतं. थोटापण होता काय रे?"

बाकांवरून हसण्याची एक लाट गेली. दाबलेली, चर्चमधली, म्हणून जास्तच खोल. कॉर्मॅकची मान कॉलरच्या वरून लाल होत कानांपर्यंत गेली. यूनाच्या छातीत काहीतरी गरम, गोड उलगडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आई, बघ, तिने मनात म्हटलं. वाच आता पाटी.

मग तिला मिसेस स्कली दिसल्या. त्या उठून बाकांमधल्या वाटेत आल्या होत्या. उन्हाने डोळे दिपत असतील म्हणून एक पंजा कपाळावर धरला, मग दुसरीकडे सरकल्या, मग दोन पावलं पुढे. आपल्याला जे दिसत नाही तो आपल्याच डोळ्यांचा दोष असेल, अशा समजुतीने त्या जागा बदलत होत्या. शेवटी फादर हेगर्टींकडे वळून हळूच म्हणाल्या,

"फादर, मॅटचे हात कुठे गेले?"

फादर हेगर्टी कॉर्मॅककडे वळले. लोक पांगत नव्हते. उलट जे दारापर्यंत गेले होते तेही थांबले. कॉर्मॅकने एकदा वर पाहिलं, एकदा लोकांकडे, आणि यूनाने याआधी कधीच ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात तो बोलला.

"फादर, मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. हे चित्र मिस गार्वींचं आहे. पहिल्या रेघेपासून. त्या तिकडे बसल्यात."

"चित्राखाली सही तुमची होती."

"सही मालक म्हणून. काढतात सगळं त्याच. आजचं नाही, वर्षानुवर्षं."

"पदक मिळालं ती खिडकीसुद्धा?"

कॉर्मॅक थांबला. पण एकदा ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं की त्यातलं एक गाठोडं परत मागता येत नाही.

"तीसुद्धा," तो म्हणाला. "सगळी."

सगळी माणसं वळून यूनाकडे बघत होती. ती उभी राहिली. ज्या शब्दासाठी ती जळत राहिली होती तो शब्द भर चर्चमध्ये, लोकांदेखत, त्याच्याच तोंडून उच्चारला गेला होता. सगळी. तिने त्यासाठी नाना जागा कल्पिल्या होत्या, प्रदर्शनाचा मांडव, वर्तमानपत्र, आईच्या थडग्यापाशीसुद्धा. ही जागा कल्पिली नव्हती.

"खरं आहे का हे, मिस गार्वी?" फादर हेगर्टींनी विचारलं. "काम तुमचं?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर कॉर्मॅक आणखी खोलात गेला असता. बार्नी खांबाशी टोपी हातात घेऊन उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

"हो, फादर," यूना म्हणाली. "माझंच."

फादर काही बोलायच्या आत मिसेस स्कली तिच्यापर्यंत येऊन पोचल्या होत्या. त्या शिव्या देतील म्हणून यूना तयार झाली. शिव्या चालल्या असत्या. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपल्यासारखी थोपटली.

"म्हणजे तू काढलेस होय ते, पोरी? कागदावर काय जिवंत काढले होतेस. माझ्याइतकंच तुलाही लागलं असेल आज. काचेनं दगा दिला, त्यात तुझा काय दोष."

यूनाच्या तोंडातून निघालं ते एवढंच, की मी दुरुस्त करून देते, हातांजवळच्या काचा काढून नवीन घालते, मी स्वतः करते. फादर हेगर्टींनी थकल्यासारखी मान हलवली. मचाण उतरलं होतं. छप्पर गळत होतं आणि गावाकडून पुन्हा काही मागायची त्यांची छाती नव्हती. राहू दे, ते म्हणाले. लोकांना सवय होते.

मिसेस स्कलींनी एकच मागितलं, तो कागद. बैठकीतल्या शेकोटीच्या वर लावीन म्हणाल्या, मॅटच्या फोटोच्या बाजूला. कॉर्मॅकने लगेच होकार दिला, चांगल्या चौकटीत घालून पाठवतो म्हणाला. आणि त्याच दमात, जरासं बाजूला होऊन, बार्नीला सांगितलं की खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या नावाची काच आहे, ती तेवढी बदलायची. त्याचं नाव काढायचं, मिस गार्वींचं घालायचं. खालच्या कोपऱ्याला मचाण लागत नाही, शिडी पुरते. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, असं तो मोठ्याने म्हणाला.

परतताना मोटारीत टायची गाठ सैल करून कॉर्मॅक शीळ घालायला लागला आणि शहर येईपर्यंत घालत राहिला.

सोमवारी सकाळी बार्नीने निळ्या काचेचा हातभर लांब तुकडा कापून यूनाच्या टेबलावर ठेवला. किलब्रॅकच्या खिडकीला सगळीकडून निळी किनार होती, तेव्हा नावही निळ्यातच यायचं. शेजारी ते जलरंगातलं चित्र पडलं होतं, चौकटीत जायच्या वाटेवर. यूनाने ते उजेडाकडे वळवून पाहिलं. हात दिसत होते, नखांसकट, अंगठ्याच्या जाड कातडीसकट. खाली, याकोबाच्या पायाशी, कॉर्मॅक डिव्हेन. ओला बोळा घेऊन ती क्षणभर त्या कोपऱ्यावर वाकली. तिचे सगळे रंग पाण्याने गेले असते. शाई गेली नसती.

तिने बोळा बशीत टाकला.

बार्नी गेला नव्हता. त्याने घसा साफ केला.

"काळ्यानं नुसती अक्षरं काढलीत, मिस यूना, तर निळा खाईल. महिनाभर लोक नाव शोधतील, मग कुणी बघणार नाही. खालून वाचताच यायचं नाही." तो थांबला. "म्हणजे, तुम्हाला तसं हवं असलं तर."

यूनाने काळ्या रंगाची वाटी ओढली, त्यात डिंकाचे दोन थेंब घातले आणि रुंद कुंचल्याने अख्खी काच काळी केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, निळ्याला कुठे फट ठेवली नाही. वाळली तशी लाकडी काडी टोकदार करून तिने अक्षरं खरवडायला घेतली. प्रत्येक अक्षराभोवती थोरल्या साहेबांनी शिकवल्याप्रमाणे काळं भरपूर ठेवलं, दोन अक्षरांमध्ये बोटभर अंतर ठेवलं, ऊन मागून आलं तरी एकाचा उजेड दुसऱ्यात सांडू नये म्हणून. काही घाई केली नाही. शेवटचं अक्षर झाल्यावर तिने भुकटी फुंकरीने उडवली.

"दार उघडा," ती म्हणाली.

बार्नीने अंगणाचं दार ओढलं. कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं, ते कुरकुरत उघडलं आणि बेकरीचा वास आत आला. बार्नी ती काच दोन्ही हातांत धरून उत्तरेच्या खिडकीत उभा राहिला. यूना पाठ करून चालत निघाली. अंगण ओलांडलं, एका सायकलवाल्याला वाट दिली, गल्ली ओलांडली. भिंतीशी पोचल्यावर ती वळली.

"येतंय का वाचता?" बार्नीने तिकडून ओरडून विचारलं.

एकेक अक्षर सुटं दिसत होतं. आईला चष्म्याशिवाय वाचता आलं असतं.

"येतंय," यूना म्हणाली.